जो कोसळला तो मेला: कलम सात-अ

८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ५.१०

आजचा दिवस विसरायचा नाही म्हणून लिहून ठेवतो. आन्सगार टीडेमानने आज माझं विमान हॅम्बर्ग बंदराच्या पुलाखालून नेलं.

घटनाक्रम असा. आमच्या हौशी वैमानिकांच्या मंडळाच्या सिम्युलेटरवर (कॉकपिट जमिनीवरच, आकाश समोरच्या पडद्यावर) दुपारी तीनला माझी पाळी. हॅम्बर्ग ते व्हिएन्ना. अकरा पानी तयारी, कॅप्टनच्या चार पट्ट्यांचा पांढरा शर्ट, काळा टाय. तीन चाळीसपर्यंत इंजिन सुरू झालं नव्हतं, कारण चेकलिस्ट सहाव्या पानावर होती. मागे बघायला उभे असलेले सभासद एकेक करून कॉफीला सटकले. तेवढ्यात आन्सगार उजव्या खुर्चीत येऊन बसला, हातात प्लमच्या केकचा तुकडा. म्हणाला, "हार्टविग, लेका, व्हिएन्ना कुठे पळून जात नाही. चल, जरा मजा करू." चार बटणं दाबली आणि उडाला. शंभर आसनांचं प्रवासी विमान, आणि पुलाखालून!

टाळ्या पडल्या. केक पोहोचवायला आलेली माझी बायको गेझिने तर खदाखदा हसली. अशी ती यापूर्वी २०११ मध्ये हसली होती, मी होडीतून पाण्यात पडलो तेव्हा.

मी सूडबुद्धीचा माणूस नाही. फक्त सूड घेणार आहे.

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.३०

झोप उत्तम लागली. (तीन वेळा उठलो.)

लाल वही उघडली. आन्सगारचे नियमभंग यापुढे तारीखवार नोंदवायचे. जुने आठवून आठवून लिहिले, एकोणीस निघाले. त्यात कॉकपिटमध्ये केक चार वेळा, कंट्रोल टॉवरशी बोलताना "मोइन मोइन, कसं काय मंडळी" असं म्हणणं तीन वेळा, आणि मला "लेका" म्हणणं बारा वेळा. कॉकपिटमध्ये "अहो" म्हणावं असं मी २०१७ पासून सांगतो आहे.

सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे हा माणूस खरा कॅप्टन होता. एकोणतीस वर्षं. नंतर सात वर्षं खऱ्या वैमानिकांची परीक्षा घेत होता, त्या पायांवर हलणाऱ्या दुमजली सिम्युलेटरमध्ये. आणि वागणं असं! मी वजनमापं कार्यालयात चौतीस वर्षं काढली. गावातल्या एकाही खाटकाचा काटा दोन ग्रॅमने खोटा राहू दिला नाही. गांभीर्य रक्तात असावं लागतं, नुसतं विमान उडवून येत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ४.२०

घरच्या कॉकपिटवरून लिस्बन. साडेतीन तासांचं उड्डाण साडेतीन तासांतच केलं. काळ पुढे ढकलण्याचं बटण मी उखडून टाकलं आहे. (कॉकपिट पूर्वीच्या जेवणाच्या खोलीत आहे. आम्ही जेवतो स्वयंपाकघरात, उभ्याने नाही, स्टुलावर.)

गेझिनेने बारा वाजता ट्रेमध्ये बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज आणून दिलं, वर विमानातल्यासारखा चकाकता कागद लावून, नियमाप्रमाणे. मग दारात उभी राहून विचारलं, "मी बसू का जरा शेजारी? एकदा उडवून बघते." मी म्हटलं की आधी माहितीपुस्तक वाचून हो. चारशे बारा पानी आहे, सहा वर्षांपूर्वीच दिलं आहे. ती नवव्या पानावर आहे. मी कुणावर अन्याय करत नाही, पण प्रेमापोटी सवलतही देत नाही.

आन्सगार तिला रविवारी म्हणाला होता म्हणे, "खऱ्या सिम्युलेटरमध्ये लोक घाम पुसत येतात गं. नापास झालं तर नोकरी जाईल या भीतीने. हसणारा माणूस मी तिथे सात वर्षांत पाहिला नाही. इथे तरी हसू दे त्यांना." हे ती मला का सांगते? तिला वाटतं मी हसत नाही. मी आतून हसतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ११.००

सूड कागदावर उतरला. मंडळाच्या घटनेत नवं कलम सात-अ सुचवणार आहे. मसुदा पाचव्यांदा लिहिला. सारांश:

सिम्युलेटरमध्ये जो कोसळला तो मेला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं नाही. मृत सभासद ३१ मार्चपर्यंत मृत राहील. त्याचं नाव वैमानिकांच्या फळ्यावरून पुसलं जाईल. एक मिनिट शांतता पाळली जाईल. मृताला मत नाही, त्याचा पत्रव्यवहार स्वीकारला जाणार नाही, त्याची उड्डाणं, कुठेही केली तरी, मोजली जाणार नाहीत. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कुणीही अवांतर बोलणार नाही. कोण बोललं ते मुख्य वैमानिक लिहून ठेवेल.

आता जा म्हणावं पुलाखालून. एकदा पंख खांबाला लागला की सहा महिने कटकट मिटली. तेरा ऑक्टोबरला आमचा खुला दिवस आहे, सगळं गाव येतं. तिथेच मरू दे त्याला, सगळ्यांसमोर.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ८.००

विजय!

विशेष सभा झाली. चाळीस मिनिटं बोललो. अध्यक्षा वीब्के हार्म्स दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाल्या की हार्टविग, मुद्दा कळला. मला विरोधाची अपेक्षा होती. आन्सगारसाठी तीन टोमणे पाठ करून नेले होते. पण त्यानेच पहिला हात वर केला! म्हणाला, "झकास आहे. एवढ्या वर्षांत मंडळात कुणी मेलंच नाही. होऊ दे." फक्त एक भर घातली. मेलेल्याच्या नावाने बटर केक झालाच पाहिजे. आपल्याकडे मयताच्या मागे बटर केक असतो, तो नसेल तर मग कसलं वास्तव, असं म्हणाला. मी त्याचं म्हणणं उदारपणे मान्य केलं. एकमताने मंजूर.

पाठ केलेले टोमणे वाया गेले. लाल वहीत उतरवून ठेवले आहेत, पुढे कामाला येतील.

गेझिने परत येताना गाडीत म्हणाली, "हार्टविग, तुझं आणि त्याचं नक्की वैर काय आहे रे?" मी म्हटलं वैर नाही, तत्त्व आहे. ती म्हणाली, "तत्त्वाच्या नावाने तू दात खातोस झोपेत."

२९ सप्टेंबर, रविवार. दुपारी १.१५

मंडळात जाऊन एक महत्त्वाचं काम केलं. आमचं कॉकपिट १९६७ सालच्या विमानाचं आहे, भंगारातून आणलेलं. त्यात कुणीतरी हौसेने एक बोलका डबा बसवला होता. जमीन जवळ आली की तो "वर घ्या! वर घ्या!" असं ओरडतो. १९६७ साली असा डबा नव्हता. स्क्रू काढले, डबा खोक्यात भरला, खोक्यावर तारीख घातली. वीब्केबाई म्हणाल्या, राहू दे की, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कुणाच्या, ते मला माहीत आहे. आन्सगारला आता पुलाजवळ कुणी सावध करणार नाही.

लाल वहीत त्याच्या नावावर चव्वेचाळीस नोंदी.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.००

खुला दिवस. पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला.

योजना अशी. आधी आन्सगारचं उड्डाण. त्या वेळी मागच्या टेबलावर मी. या टेबलावरून विमानात बिघाड घालता येतात. उड्डाण होता होताच डाव्या इंजिनाला आग, नंतर चाकं अडकणार, नंतर काचेवर बर्फ. त्यानंतर मी स्वतः उडवणार, बाहेर खरंखुरं आजचं हवामान लावून. समुद्रावर वादळ आहे, ढग अगदी खाली आले आहेत. उतरताना धावपट्टीकडून येणाऱ्या मार्गदर्शक रेडिओ किरणाचीही मदत घेणार नाही. नुसत्या उंचीच्या काट्यावर पायरी पायरीने खाली येणार. गावाला कळू दे की खरं उडवणं म्हणजे काय असतं.

गेझिने पहाटेपासून दोन मोठे ट्रे भरून बटर केक करते आहे. मी म्हटलं, कोण मरेल ते अजून नक्की नाही. ती म्हणाली, "कुणीही मेलं तरी खाणारे तेच."

१३ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ७.३०

तपशील शांतपणे नोंदवतो. मी शांत आहे.

आन्सगारने उजव्या खुर्चीत फ्राउ ओल्टमान यांना बसवलं. औषधांच्या दुकानाच्या निवृत्त मालकीण, वय एक्याऐंशी. उडताक्षणी मी आग घातली. तो त्यांना आपल्या डॅक्सहुंड कुत्र्याने पोस्टमनचा बूट कसा पळवला ते सांगत होता. गोष्ट न थांबवता हात वर करून आग विझवली. चाकं अडकवली, तर त्याने हाताने दांडा फिरवून उतरवली. बर्फ घातला, तेव्हा फ्राउ ओल्टमानना म्हणाला, "बाई, आता तुम्ही धरा, मला नाक पुसायचंय." आणि त्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईने विमान उतरवलं! हॉल दणाणला. त्या रडायला लागल्या, म्हणाल्या नवरा गेल्यानंतर इतकी मजा आली नव्हती. गेझिनेचेही डोळे भरून आले. हे सगळं नियमात कुठे बसतं?

नंतर मी. उजवीकडे आन्सगार, कारण दुसरा वैमानिक लागतोच आणि बाकी कुणी तयार झालं नाही. मागच्या जादा खुर्चीवर गेझिने, प्रवासी. हौसेने आली होती. एक तास दहा मिनिटं तयारी. त्यात प्रेक्षक थोडे कमी झाले (सगळे गेले), पण सॉसेजचा स्टॉल उघडला होता हे लक्षात घ्यावं. टेक-ऑफ निर्दोष. समुद्रावर फेरी निर्दोष. परतताना दहा हजार फुटांच्या खाली आलो, बाहेर नुसता ढग.

इथे आन्सगार म्हणाला, "हार्टविग, हवेचा दाब."

नियमभंग! मी लाल वही काढली आणि लिहिलं: नोंद एकसष्ट, अवांतर बोलणं, ४.३७.

तो परत म्हणाला, "लेका, दाब लाव. काटा खोटा दाखवतोय."

नोंद बासष्ट. नोंद त्रेसष्ट, कारण "लेका". मी त्याला सांगितलं की अहो टीडेमान, आपलंच एकमताने मंजूर कलम आहे. तो गप्प बसला. हाताची घडी घातली. मागून गेझिने म्हणाली, "हार्टविग, काहीतरी हिरवं दिसतंय." नोंद चौसष्ट, प्रवासी. तिचं नाव लिहिताना स्पेलिंग नीट यावं म्हणून मान खाली घातली होती.

ते गवत होतं.

काट्याप्रमाणे मी जमिनीपासून हजार फूट वर होतो. विमानात कोणताही दोष नव्हता. जमीन आधी आली.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.१५

निकोप विश्लेषण. उंचीचा काटा हवेच्या दाबावर चालतो. वर जाताना तो एका ठरावीक आकड्यावर ठेवायचा, उतरताना खालच्या खऱ्या दाबावर आणायचा. नाहीतर वादळी हवेत काटा हजार फूट जास्त दाखवतो. हे मला माहीत आहे. यावर मी मंडळात दोनदा व्याख्यान दिलं आहे. मग चूक कुणाची? वादळाची. दाब एका दुपारी इतका उतरणं बेजबाबदारपणाचं आहे. आणि आन्सगारची. गप्प बसायला मी सांगितलं होतं हे खरं, पण खऱ्या सहकाऱ्याने ऐकलं नसतं.

चौतीस वर्षं लोकांचे खोटे काटे पकडले, हे गेझिनेने दोन वेळा बोलून दाखवलं. नाश्त्याच्या वेळी एकदा, आणि फोनवर तिच्या बहिणीला एकदा.

अध्यक्षांना सात पानी अपील पाठवलं. आन्सगारवर खटला भरण्याचा विचार आहे. त्याला मी सोडणार नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १२.००

अपील न उघडता परत आलं. पाकिटावर वीब्केबाईंच्या अक्षरात: "मृताचा पत्रव्यवहार स्वीकारला जात नाही. कलम सात-अ. मनापासून सहवेदना."

कलमाचा मसुदा भक्कम आहे, यात शंका नाही.

२० ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६.००

माझी शोकसभा झाली.

मेलेल्याला सभेला बसता येत नाही म्हणून मी मयताचा नातेवाईक म्हणून गेलो. टेबलावर माझा चार पट्ट्यांतला फोटो, त्याला काळी फीत. एक मिनिट शांतता. वीब्केबाईंनी फळ्यावरचं माझं नाव ओल्या स्पंजने पुसलं. अकरा वर्षं त्या फळ्यावर पहिलं नाव माझं होतं.

मग आन्सगार बोलायला उठला. मी लाल वही तयार ठेवली होती. हा आता टर उडवणार, आणि मी एकेक शब्द टिपणार. पण तो म्हणाला, "हार्टविगइतकी तयारी करून येणारा माणूस मी खऱ्या कंपनीतसुद्धा पाहिला नाही. मी त्याला आयुष्यभराच्या परीक्षेत पास केलं असतं. एकच इच्छा राहून गेली. अकरा वर्षांत त्याला एकदा तरी मजा आलेली बघायची होती."

वहीत काही लिहिलं नाही. पेन चालत नव्हतं. (पेन चांगलं होतं.)

बटर केक उत्कृष्ट. तीन तुकडे खाल्ले. लोकांनी माझ्याशी हात मिळवून मला धीर दिला. फ्राउ ओल्टमान म्हणाल्या, "फार लवकर गेले हो." मी म्हटलं, हो.

केकनंतर गेझिने आन्सगारला म्हणाली, "आता मला कुणाला विचारायला नको ना?" आणि जाऊन बसली. डाव्या खुर्चीत. माझ्या! माहितीपुस्तकाच्या नवव्या पानावर असलेली बाई. ती पुलाखालून गेली. पलीकडे निघाली तेव्हा "हुर्रे" असं ओरडली. तिचा हा आवाज मला माहीत नव्हता. एकेचाळीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हता.

आन्सगारवरचा सूड आता दुप्पट.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३.००

गेझिने मंडळात. बुधवारीही गेली होती. जेवण फ्रिजमध्ये, वर चकाकता कागद लावलेला.

सुडाच्या योजनेवर काम केलं. अर्धा तास. मग खिडकीतून शेजाऱ्याचं मांजर बघितलं. मांजराच्या हालचालींत काही शिस्त नाही.

घर फार शांत आहे. मला शांतता आवडते, मीच मागायचो ती.

३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.२०

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

गेझिने अडीचला गेली. मी कॉकपिटमध्ये बसलो. शर्ट घातला नाही, घरातला स्वेटर होता, पायात सपाता. चेकलिस्ट काढली नाही. इंजिन सुरू केलं आणि उडालो. केवळ आन्सगारची पद्धत किती धोकादायक आहे याचा पुरावा गोळा करायचा म्हणून पुलाकडे वळलो.

पहिल्यांदा डावा खांब. दुसऱ्यांदा उजवा. तिसऱ्यांदा पाणी. चौथ्यांदा एक मालवाहू जहाज. पाचव्यांदा पुन्हा डावा खांब. सहाव्यांदा काय झालं ते कळलं नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरू केलं, त्याच बटणाने.

सातव्यांदा गेलो. पूल डोक्यावरून सर्रकन गेला, समोर सगळी नदी उघडी. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. स्टुलावरचा कप पडून फुटला. मागे वळून बघितलं, कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. दार बंद होतं.

फार मजा आली. फार.

उड्डाणवहीत नोंद करायला घेतली आणि थांबलो. मृताची उड्डाणं, कुठेही केली तरी, मोजली जात नाहीत. मीच लिहिलं आहे. पाचवा मसुदा.

गेझिने पाचला आली. फुटलेला कप बघून विचारलं, काय करत होतास. मी म्हटलं, लिस्बन, पूर्ण वेळ. ती म्हणाली, "लिस्बनला साडेतीन तास लागतात. मी अडीच तास बाहेर होते." मी कपाचे तुकडे गोळा करायला लागलो. तिने माझ्या सपातांकडे बघितलं आणि केरसुणी आणून दिली.

मग सहज सांगितल्यासारखं म्हणाली की फळ्यावर पहिल्या जागी आता तिचं नाव लिहिलंय. जागा रिकामीच होती.

६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४.००

मी गेझिनेला विचारलं, रविवारी मला बरोबर नेशील का. तिथे नुसता मागे बसेन.

तिने आन्सगारला फोन केला. प्रवासी म्हणून जमणार नाही, कारण मृत माणूस प्रवासी नसतो. फोनवर बराच वेळ हसणं चाललं. मग आन्सगारनेच वाट काढली. खऱ्या विमानातही मयत नेतात, पण सामान म्हणून. तेव्हा मागच्या खुर्चीवर बसायचं, कोटाला सामानाची चिठ्ठी लावायची, आणि दहा हजार फुटांच्या खाली सामानाने बोलायचं नाही. पूल दीडशे फुटांवर आहे. म्हणजे पूर्ण वेळ गप्प. सगळं नियमाला धरून आहे, आक्षेप घ्यायला जागा नाही. लाल वही घरी ठेवायची, ही अट गेझिनेची. मान्य केली.

चिठ्ठीवर वजन लिहावं लागतं. न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिलो. ब्याण्णव किलो. खात्री करायला एक किलो साखरेचं पाकीट ठेवून बघितलं.

काटा बरोबर आहे.